सोप्या पेपरातला डी

हुई चुन-यिप माणूस वाईट नाही, पण निकालाच्या दिवशी त्याच्या वाटेला जाऊ नये, असं आमच्या शाउ केई वानमध्ये सगळे म्हणतात. ट्राम जिथे वळसा घेऊन माघारी फिरते, त्या बाजारात त्याचं माशाच्या गोळ्यांचं दुकान आहे. एरवी बोलायला गोड, म्हाताऱ्यांना हात धरून रस्ता ओलांडून देईल. पण ऑगस्टात पाचव्या फॉर्मचा, म्हणजे शालान्त परीक्षेचा, निकाल लागला आणि एखादी आई पोराला घेऊन फुलून त्याच्या दुकानासमोर आली, की याच्या जिभेला काटे फुटतात. निकालाचा कागद हातात घेतो, वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, "चारच विषय सुटलेत. पाच नाहीत. गणित गेलंय." मग पोराकडे वळून विचारतो, "आईला सांगितलंस का? नाही? मग आत्ता सांग, माझ्यासमोर."

मधल्या काळात सरकारनं दोनदा नियम फिरवले, निकालातली ए-बी-सी अक्षरं जाऊन आकडे आले. मास्तरांना समजायच्या आधी हे चुन-यिपला तोंडपाठ. किती आकड्यावर सहाव्या फॉर्मची जागा मिळते, कितीवर नर्सिंग, कितीवर नुसताच शिक्का, सगळं सांगेल. गोड करून मात्र सांगणार नाही. एकदा एक बाई चिडून म्हणाली, "घटकाभर आनंदात राहू दिलं असतंस मला, तर तुझं काय गेलं असतं रे?" त्यानं तिच्या पिशवीत चार गोळे जास्त घातले आणि आत निघून गेला. लोकांना वाटतं, स्वतः शिकला नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरांवर जळतो. लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

चुन-यिपचा स्वतःचा निकाल लागला तो चौऱ्याऐंशी साली. आई लहानपणीच गेली होती. घरात तो आणि बाप, हुई लाम. लामकाका आणि त्यांचा भागीदार काउकाका अशा दोघांनी मिळून गोळ्यांचं दुकान चालवलेलं. पहाटे बोटीवरून मासे आणायचे, चमच्यानं गर खरवडायचा, मीठ घालून टपाच्या कडेवर दणादण आपटायचा. गोळा पाटावर टाकला तर चेंडूसारखा उडाला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. लामकाका शाळेची पायरी चढले नव्हते. पण पोरगा बालवर्गात असताना भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता लावला होता, तो बघून बघून त्यांना ए पासून झेडपर्यंत ओळीनं यायला लागलं होतं. त्याचा त्यांना फार अभिमान. डी आधी की ई आधी, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

घोटाळा समजायला एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी इंग्रजीचे दोन पेपर असत, ए आणि बी. ए सोपा, बी अवघड. नाव असलेल्या शाळा आपली सगळी पोरं बी ला बसवायच्या. आमच्या इथल्या, डोंगराच्या उतारावरच्या शाळेसारख्या शाळा अर्ध्याहून अधिक पोरं ए ला बसवायच्या. निदान कागदावर काहीतरी दिसेल, एवढाच हिशेब. एरवी ई मिळाला की विषय सुटला. पण सोप्या पेपरात सी मिळाला तर तो अवघड पेपरातल्या ई एवढा धरायचा, आणि सी च्या खाली जे काही असेल त्याला नोकरीच्या दारात किंमत शून्य. मास्तरांनी हे फळ्यावर लाल खडूनं लिहून ठेवलं होतं. वर्गातल्या ढ पोरालाही ते ठाऊक होतं. चुन-यिपलाही ठाऊक होतं.

निकालाच्या दिवशी तो घरी आला तेव्हा लामकाका दुकान अर्धवट टाकून खाटेवर येऊन बसले होते. हात धुतले होते तरी माशाचा वास येत होता.

"हं, वाच," ते म्हणाले.

"चिनी, डी."

"डी." त्यांनी अंगठा मिटला.

"इंग्रजी, डी."

"इंग्रजीत पण?" दुसरं बोट. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, की चुन-यिपनं नजर कागदावरून काढलीच नाही.

"भूगोल ई. अर्थशास्त्र ई. बायबल सी. गणित एफ."

"गणित जाऊ दे. गणित मला पण येत नाही." मिटलेली मूठ त्यांनी वर धरली. "पाच. सरकारी कारकुनाला पाचच लागतात ना रे? चिनी, इंग्रजी धरून?"

"पाचच लागतात," चुन-यिप म्हणाला.

यात खोटं काही नव्हतं. पुढे एक 'पण' होता. आत्ता नको, जेवण झाल्यावर सांगू, असं त्यानं मनाशी म्हटलं. जेवताना बापानं बदकाची तंगडी त्याच्या वाडग्यात टाकली. उद्या सांगू, असं त्यानं म्हटलं.

उद्या उजाडायच्या आत लामकाकांनी भाजलेलं अख्खं डुक्कर सांगून ठेवलं होतं. कोळ्यांच्या देवाला, ताम कुंगला, त्यांनी नवस केला होता म्हणे. पोराला पाच मिळाले तर डुक्कर. काउकाकानं आणि त्यांनी ते लाल कागदात बांधून देवळात नेलं, उदबत्त्या लावल्या आणि परत आणून बाजारातच सुऱ्यानं तोडलं. ज्याला ज्याला तोंड होतं, त्याच्याकडे वाटा गेला. भाजीवाली लेंग मावशी हाडाला चिकटलेलं मांस चोखत म्हणाली, "आता काय बाबा, साहेब झालास. माझी कोथिंबीर तुला चालेल की नाही कुणास ठाऊक."

"ई नं सुद्धा चाललं असतं, मावशी," लामकाका म्हणाले. "आमच्याला डी आहे. इंग्रजीत."

"मला काय कळतंय त्यातलं? डी म्हणजे मोठं का?"

"ई च्या आधी येतं ते."

चुन-यिप तिथेच उभा होता, हातात मांसाचा वाडगा घेऊन. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. सांगायचंच तर आता डुक्कर परत कसं आणणार? जे खाल्लं ते खाल्लं. माणूस असा विचार करतो, की खोटं अजून लहान आहे तोवर राहू दे, आणि ते तिकडे पोसून मोठं होत राहतं.

मग जागेची गोष्ट निघाली. दुकानात दोनच माणसं उभी राहतील एवढी जागा, आणि आपल्यामागे आपल्या जागी पोरगा, असं लामकाकांनी काउकाकाशी फार पूर्वी ठरवलं होतं. निकालानंतरच्या आठवड्यात त्यांनी ती पोरासाठी राखलेली जागा सोडली. काउकाकाचा पुतण्या कामाच्या शोधात होता, त्याला आणून उभा कर, असं स्वतःहून सांगितलं.

"एवढी काय घाई आहे?" काउकाका म्हणाला. "नोकरीचं पत्र तर येऊ दे. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं व्हायचं."

"पाच म्हणजे पाच," लामकाका म्हणाले. "कार्ट्यानं आयुष्यभर माशात हात घालावे, असं वाटतं का तुला?"

काउकाकानं चुन-यिपकडे बघितलं. "काय रे? नक्की ना?"

चुन-यिप चमच्यानं गर खरवडत होता. मान वर न करता त्यानं ती हलवली. होकारार्थी की नकारार्थी हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नसतं. काउकाकानं होकार धरला.

अर्ज द्यायच्या दिवशी एकट्यानं जाऊन यावं, परत येऊन 'जागा भरल्या' असं काहीतरी सांगावं, असा त्याचा बेत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण लामकाका पहाटेच उठून लग्नातला कोट घालून बसले होते. कोट पाठीवर तटतटला होता आणि कापराचा वास सुटला होता.

"तुम्ही कशाला, बाबा? नुसता अर्ज तर द्यायचाय."

"येतो. कचेरी आतून कशी असते बघून येतो. उद्या तू कुठे बसतोस, मला कळायला नको?"

ट्रामच्या वरच्या मजल्यावर दोघं शेजारी बसले. लामकाका एरवी ट्राममध्ये बसल्या बसल्या पेंगणारे. त्या दिवशी टक्क जागे होते. साइ वान हो गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "पोटात दुखतंय का तुझ्या?"

"नाही."

बऱ्याच वेळानं, क्वारी बेच्या आसपास, पुन्हा म्हणाले, "काही बोलायचं असलं तर बोल. ट्राम काय, सावकाशच जाते."

"काही नाही, बाबा," चुन-यिप म्हणाला. त्याला दरदरून घाम फुटला होता, आणि बाप कोटाच्या बाहीनं त्याला वारा घालत होता.

कचेरीत रांग होती. सगळी त्याच्याच वयाची पोरं, काहींबरोबर मोठी माणसं. खिडकीत बसलेली बाई तरुण होती, आवाज शांत. तिनं अर्ज बघितला, निकाल बघितला, आणि दोन्ही कागद त्याच्याकडे सरकवले.

"हा अर्ज घेता येणार नाही. इंग्रजी कमी पडतंय."

चुन-यिप कागद उचलायला पुढे झाला. एवढ्यावर निघून जाता आलं असतं. पण लामकाकांनी कागदावर हात ठेवला.

"बाई, नीट बघा ना जरा. डी आहे तो. तुम्हाला ई पाहिजे ना? मी मासे विकतो, पण डी ई च्या आधी येतो, एवढं मला समजतं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं हसले. एका चष्मेवाल्या पोरानं रांगेतूनच समजावलं, "काका, तो ए पेपर आहे. सोपा असतो तो. त्यातला डी म्हणजे भोपळाच."

"सोपा पेपर," लामकाका म्हणाले.

"हो ना," खिडकीतली बाई म्हणाली. ती मात्र हसत नव्हती. "त्यात सी लागतो, काका. शाळेत सांगतात हे सगळ्यांना. यांना माहीत असेल."

लामकाका चुन-यिपकडे वळले. चुन-यिपचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. धरणी दुभंगेल तर बरं, असं म्हणतात लोक. त्याला तेवढंही सुचत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं, की बापाच्या कोटाचं मधलं बटण सुटलं आहे आणि ते लावायला हवं. बापानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जे समजायचं ते समजून घेतलं.

मग ते खिडकीकडे वळून, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "सांगितलं होतं, बाई. पोरानं मला सांगितलं होतं. माझ्याच डोक्यात शिरलं नाही. अडाणी माणूस मी. तो नको नको म्हणत होता, मीच ओढून आणलं त्याला. माफ करा, तुमचा वेळ घेतला."

रांगेतलं हसणं थांबलं. चष्मेवाल्या पोरानं मान खाली घातली. चुन-यिपला तोंड उघडून 'नाही, मी सांगितलं नव्हतं' एवढे चार शब्द बोलायचे होते. ते तो बोलला नाही. बाप पुढे आणि हा मागे, असे दोघं जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लामकाका म्हणाले, "चल." आणि ज्या ज्या दारी डुक्कर गेलं होतं, त्या त्या दारी ते गेले. चुन-यिपला सोबत घेऊन. आधी तांदूळवाला, मग छत्र्या दुरुस्त करणारा, मग देवळाचा पुजारी. सगळीकडे तेच वाक्य. "चूक झाली माझी. नोकरी काही व्हायची नाही. पोरानं आधीच सांगितलं होतं, मला कळलं नाही." लोक हसून म्हणत, जाऊ दे रे लाम, डुक्कर तर झकास होतं. कुणी चुन-यिपला म्हणे, बापाला सांभाळून घे, म्हातारपणी माणूस असंच करतं. लामकाका तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. चुन-यिप मूग गिळून बापाच्या मागे उभा. प्रत्येक दारात बाप थोडा अधिक वेडा ठरत होता आणि तो थोडा अधिक शहाणा.

शेवटी लेंग मावशीकडे आले. तिनं ऐकून घेतलं, पालकाच्या जुड्या बांधायचं थांबवलं आणि बापाला सोडून पोराकडे बघितलं. बाई तोंडाची फटकळ, पण डोक्यानं तिखट.

"तू सांगितलं होतंस बापाला?" तिनं विचारलं. "डुक्कर कापायच्या आधी?"

लामकाका दुसरीकडे बघत होते. बाजारात गलका होता, पण चुन-यिपला कुठे काही ऐकू येईना. आता बोललो नाही तर कधीच नाही, हेही त्याला कळत होतं.

"हो," तो म्हणाला.

मावशीनं पालक पुन्हा हातात घेतला. "बरं," ती म्हणाली.

जागेसाठी काउकाकाकडे लामकाकाच गेले. दिलेली वस्तू परत मागायला गेलेला माणूस कसा दिसतो, ते चुन-यिपनं पडद्याआडून पाहिलं. काउकाकाचा पुतण्या कामाला लागला होता, त्याला हाकलणं बरं दिसलं नसतं. शेवटी मागच्या बोळात टप धुवायचं काम निघालं. ज्या पोराला बापानं माशापासून लांब ठेवायचं ठरवलं होतं, तो आता माशांच्या खवल्यांत गुडघाभर बसू लागला. गिऱ्हाइकांना तो दिसत नसे, आणि त्याला तेच बरं वाटे.

बापानं त्याला कधी एका शब्दानं दुखवलं नाही. हेच वाईट होतं. जेवताना तंगडी अजूनही त्याच्याच वाडग्यात पडे. कधी तरी रागावतील, ओरडतील, मग आपण पायावर डोकं ठेवू, असं त्याला वाटे. लामकाका रागावले नाहीत. फक्त त्यांनी निकालाच्या दिवसांत बाजारात बसणं सोडलं. शेजारपाजारची पोरं कागद नाचवत येत, तेव्हा ते आत जाऊन मासे धूत.

चुन-यिपनं संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. अवघड पेपर, बी. पहिल्या वर्षी एफ. दुसऱ्या वर्षीही एफ. हाताचा वास जावा म्हणून तो लिंबाच्या साली घासून वर्गात बसे, तरी शेजारची पोरगी बाक बदलायची. मधे काउकाकाचा पुतण्या कॅनडाला गेला, चुन-यिप पुढे दुकानात उभा राहू लागला. पेपर द्यायचं त्यानं सोडलं नाही. नोकरीसाठी नव्हे, सरकारी कारकुनी करायची इच्छा केव्हाच मेली होती. पण त्या मिटलेल्या मुठीतलं एक बोट खोटं होतं, आणि ते खरं केल्याशिवाय बापाशी बोलायला आपल्याला तोंड नाही, असं त्यानं धरून ठेवलं होतं. हाही एक पळपुटेपणाच, असं मला वाटतं. खरं बोलायला ई लागत नाही. पण ज्याचं जळतं त्याला कळतं.

सत्तावीस वर्षांचा झाला त्या वर्षी त्याला ई मिळाला. अवघड पेपरात.

दुपारची वेळ होती, दुकान रिकामं. लामकाका स्टुलावर बसून कोळंबी सोलत होते. केस बरेच पिकले होते. चुन-यिपनं कागद दाखवला नाही, नुसतं सांगितलं.

"बाबा, इंग्रजी सुटलं. बी पेपर. ई आहे."

"अरे वा," लामकाका म्हणाले. "म्हणजे आता पाच झाले."

"झाले."

"चांगलं झालं." ते कोळंबी सोलत राहिले.

"बाबा," चुन-यिप म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "तेव्हा मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांना म्हणालात की सांगितलं होतं. मी नव्हतं सांगितलं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्ही बोटांवर मोजत होतात तेव्हाही."

"हं."

"मावशीनं विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो."

"ऐकलं मी. शेजारीच उभा होतो." लामकाकांनी हातातली कोळंबी भांड्यात टाकली, दुसरी उचलली. "मलाही तसं आधीच कुणी बोललं होतं. आपला मा, न्हावी. कचेरीत गेलो त्याच्या आठवडाभर आधी. दाढी करताना म्हणाला, लाम, पोरगा कुठल्या पेपरला बसला होता ते विचार. माझ्या भाचीचा डी असाच फुकट गेलाय."

"मग मला का नाही विचारलंत?"

"विचारायचं काय? भांडलो त्याच्याशी. साबण लावलेल्या तोंडानं तसाच उठून आलो." लामकाका थोडे हसले, जुनी फजिती आठवून हसतात तसे. "त्याला म्हटलं, तसं काही असतं, तर माझा पोरगा मला बोलला असता."

हे ते रागानं म्हणाले नाहीत. काय घडलं ते सांगावं तसं सांगितलं आणि पुन्हा कोळंबी सोलायला लागले. बापानं तेव्हाच, त्या कचेरीत, सगळ्या रांगेसमोर एक थोबाडीत दिली असती तर फार बरं झालं असतं, असं चुन-यिपला वाटलं.